नाद बदलला म्हणून गाणे बाटत नाही

अमळनेर, धुळे, जळगाव या पट्ट्यात अहिराणी गाण्यांचा विषय निघाला की शिकल्यासवरल्या मंडळींच्या बोलण्यात एक मत हमखास ऐकू येते, आणि ते इतक्या ठामपणे सांगितले जाते की त्याला पुरावा लागतो याचाच ऐकणाऱ्याला विसर पडावा. ते मत थोडक्यात असे. खानदेशी गाणे जात्यावर, बांधावर आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर जन्मले. ते साधे होते, संथ होते, घरातल्या बायकांच्या गळ्यातले होते. पुढे बँडवाल्यांनी त्यात कॅशिओ घुसवला, मग पॅड आले, मग भोंगे आले. मोबाइलवर गाजलेल्या पहिल्या गाण्यांत निदान गावाकडचा भोळा सूर शिल्लक होता. पण यश मिळाल्यावर त्याच क्षेत्रातील मंडळींनी दुसऱ्या खेपेला नाद बदलला, गाणे चकचकीत केले आणि लोकगीत बाजारात नेऊन विकले. म्हणून आज गल्लीतून जाते ते अहिराणी गाणे नव्हेच, असा निकाल देऊन ही मंडळी मोकळी होतात. हा निकाल वस्तुस्थितीला धरून नाही, वाजवणाऱ्यांच्या इतिहासावर तो अन्याय करतो आणि ज्या बोलीच्या प्रेमापोटी तो दिला जातो त्या बोलीलाच त्याने इजा होते.

आधी ज्याच्याबद्दल वाद आहे ते नीट पाहणे आवश्यक आहे. आजचा खानदेशी बँड म्हणजे केवळ गणवेशातील पितळी वाद्यांचा ताफा राहिलेला नाही. सजवलेली गाडी, तिच्यावर भोंगे, ध्वनिक्षेपक हातात घेऊन उभा असलेला गायक किंवा गायिका, कॅशिओ वाजवणारा एक आणि पॅडवाला एक, असा त्याचा साधारण घाट असतो. कॅशिओ हे मुळात एका जपानी कंपनीचे नाव. तिची विजेवर चालणारी सुरांची पेटी 1980 मध्ये बाजारात आली आणि पुढे कोणत्याही कंपनीच्या अशा पेटीला लोक कॅशिओच म्हणू लागले. पॅड म्हणजे ऑक्टोपॅड: काठीने वाजवायच्या आठ रबरी चौकटी, ज्यांतील प्रत्येकीला ढोलकी, हलगी, संबळ असा हवा तो आवाज नेमून देता येतो. या बँडच्या जोडीला चित्रीकरण केलेली अहिराणी गाणी आहेत, ज्यांतील एकट्यादुकट्या गाण्यालाही बोलताना अल्बम म्हटले जाते. बँड आणि अल्बम यांची देवाणघेवाण अखंड चालते. अल्बममधले गाणे आठवड्याभरात वरातीत पोहोचते आणि वरातीत रंगलेली चाल पुढच्या अल्बममध्ये उतरते.

पहिला आक्षेप वाद्यांच्या परकेपणाचा आहे. पण ज्या बँडच्या आठवणीने हळहळ व्यक्त होते त्या जुन्या बँडमध्ये कोणती वाद्ये होती? क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम. यांपैकी एकही वाद्य तापीच्या खोऱ्यात घडलेले नाही. ती सगळी युरोपातील लष्करी पथकांची वाद्ये असून ब्रिटिश छावण्यांच्या वाटेने ती हिंदुस्थानात आली, संस्थानिकांच्या मिरवणुकांत शिरली आणि तिथून लग्नाच्या वरातीत उतरली. सनई-चौघड्याच्या काळातील एखाद्या वृद्धाला पितळी बँड ऐकून कानांवर हात ठेवावेसे वाटले असतील, यात नवल नाही. त्यानंतर आलेला बेंजो घ्यावा. टंकलेखनयंत्रासारख्या कळा दाबून वाजवायचे हे तंतुवाद्य म्हणजे बुलबुलतरंगाचा भाऊ, आणि त्या दोघांचा पूर्वज म्हणजे नागोया येथे 1912 मध्ये गोरो मोरिता यांनी घडवलेले तैशोगोतो हे जपानी वाद्य. आज बेंजोचा आवाज ऐकला की अनेकांना गावची जत्रा आठवते. जपानी कळांचा बेंजो अस्सल आणि जपानी कळांचाच कॅशिओ परका, हा भेद कोणत्या तत्त्वावर केला जातो?

पेटीचे उदाहरण याहून बोलके आहे. हार्मोनियम हे फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात आकाराला आलेले वाद्य. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास त्याचे मांडी घालून एका हाताने वाजवता येईल असे रूप तयार केले आणि ते देशभर पसरले. या पेटीत मींड नाही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय नाही, तिचे स्वर भारतीय श्रुतींना जुळत नाहीत, असे म्हणत ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि 1971 मध्ये ती शिथिल होईपर्यंत तीन दशके हे वाद्य नभोवाणीला वर्ज्य राहिले. त्याच तीन दशकांत महाराष्ट्रातले कीर्तन, भजन, नाट्यसंगीत आणि तमाशा पेटीवाचून एक दिवसही थांबले नाहीत. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली होती ती या बंदीच्या कितीतरी आधी. आज एखाद्या भजनी मंडळाला पेटी परकी आहे असे सांगितले तर ते सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतील. गंमत म्हणून नव्हे, नोंद म्हणून एक गोष्ट सांगायला हवी: पेटीवर जो मींडेचा दोष लावला गेला तो कॅशिओला लागत नाही, कारण त्याच्या डाव्या बाजूचे चाक फिरवले की स्वर हवा तितका वाकवता येतो. खानदेशी वादक नेमके तेच करतो. त्याच्या बोटांखालची चाल सरळ पायऱ्यांनी चढत नाही. ती लचकते, मागे ओढली जाते, शेवटच्या अक्षरावर हेलकावा घेऊन थांबते. अहिराणी बोलण्यालाही असाच हेल आहे. वाद्य परके असेल. त्यातून निघणारा उच्चार इथला आहे.

या आक्षेपाच्या तळाशी एक गोष्ट दडलेली असते आणि ती उघड करणे भाग आहे. जुने अस्सल वाद्यसंगीत परत आणा असे म्हणणारा माणूस ते कोणाच्या हातांनी वाजवले जात होते हे सहसा सांगत नाही. हलगी, डफ, सनई, संबळ ही वाद्ये गावात कोणीही हौसेने उचलावीत अशी नव्हती. कोणी काय वाजवायचे, मांडवाच्या किती अंतरावर उभे राहायचे, जेवायला केव्हा बसायचे आणि मोबदला म्हणून काय स्वीकारायचे हे जातीने ठरवून दिलेले होते. लग्नात सर्वांत आधी पोहोचणारा आणि सर्वांत शेवटी जेवणारा वाजंत्री हा त्या नादाचा धनी असला तरी त्याच्या नावाची दखल कोणी घेत नव्हते. डॉ. आंबेडकर यांच्या चळवळीने जातीने लादलेली गावकीची कामे नाकारण्याचा मार्ग दाखवला तेव्हा अनेक ठिकाणी मिरवणुकीपुढे वाजवण्याचे कामही त्या नकारात आले. 1958 च्या कायद्याने महार वतनासह गावची कनिष्ठ वतने रद्द झाली. म्हणजे जुना नाद मागे पडला तो केवळ नव्या यंत्राने नव्हे, तो वाजवण्याची सक्ती माणसांनी झुगारली म्हणूनही. त्याच घरांतील पुढच्या पिढ्यांतील अनेकांनी बँड काढला, दर ठरवून सुपारी घेतली, गाडीच्या कपाळावर स्वतःचे नाव रंगवले. ज्या दिवशी वाजवणारा सेवेकरी न राहता कलावंत आणि व्यावसायिक झाला, त्याच दिवसापासून संगीत बाजारू झाले, असे म्हणणाऱ्यांना आधीची व्यवस्था बाजारापेक्षा अधिक न्यायाची वाटते काय? धान्याच्या पसाभर मोबदल्यावर वाजलेले सूर शुद्ध आणि ठरलेल्या रकमेवर वाजलेले अशुद्ध, हा हिशेब मांडवात बसलेल्यांनी केलेला आहे. मांडवाबाहेर उभे राहणाऱ्यांनी तो कधीच मान्य केला नसता.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यावे लागते. पहिली गाणी खरी, नंतरची बिघडलेली, हे मत खानदेशाचेच नाही. जगात जिथे जिथे एखाद्या वाद्यवृंदाने पहिल्या यशानंतर स्वतःचा नाद बदलला तिथे तिथे ते उच्चारले गेले आहे, आणि त्याची सर्वांत स्पष्ट उदाहरणे 1977 ते 1980 या काळातील इंग्रजी न्यू वेव्ह, म्हणजे नवलहर, संगीतात सापडतात. त्याच्या थोडे आधी लंडन आणि न्यूयॉर्क येथे पंक नावाचा प्रकार उसळला होता: तीन स्वरसंगती, भरधाव लय, शिक्षण नसले तरी कोणीही गिटार उचलावी असा बाणा. त्या उसळीतून निघालेल्या पण तिच्यावर न थांबलेल्या वाद्यवृंदांना नवलहर हे नाव पडले. लंडनच्या वायर या वाद्यवृंदाचा पिंक फ्लॅग हा पहिला अल्बम 1977 मध्ये आला. सुमारे 35 मिनिटांत 21 गाणी, काही तर मिनिटभराचीही नाहीत. पुढच्याच वर्षी चेअर्स मिसिंग हा दुसरा अल्बम आला तेव्हा गाणी पंधराच होती, ती लांबली होती, संथ झाली होती आणि निर्माते माइक थॉर्न यांनी त्यांत विजेवरच्या कळवाद्यांचे थर मिसळले होते. पंकची कडवी शिस्त मानणाऱ्याला हे पतन वाटणे स्वाभाविक होते, कारण त्याच्या लेखी गिटार हे बंडखोरांचे वाद्य होते आणि कळवाद्य हे श्रीमंत, फुगलेल्या रॉकचे. आज मात्र त्या वाद्यवृंदाचे मोठेपण सांगताना हे दोन्ही अल्बम शेजारी ठेवावे लागतात, कारण पहिल्यातील काटकसर दुसऱ्यात नाहीशी झालेली नाही. ती फक्त वेगापासून सुटून अवकाशात, म्हणजे दोन सुरांमध्ये मोकळ्या सोडलेल्या जागेत गेली आहे.

न्यूयॉर्कच्या टॉकिंग हेड्सची वाट निराळी होती. त्यांचा पहिला अल्बम 1977 चा, कोरडा आणि ताठ. 1978 च्या दुसऱ्या अल्बमसाठी त्यांनी ब्रायन ईनो हा ध्वनीचे प्रयोग करणारा निर्माता सोबत घेतला आणि मेम्फिसचे कृष्णवर्णी गायक अल ग्रीन यांचे गाणे मुद्दाम संथ लयीत गायले. तेच गाणे त्यांना मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत घेऊन गेले. तिथून दोन वर्षांत, 1980 मध्ये, ते नायजेरियाच्या फेला कुटी यांच्या चक्राकार तालांपर्यंत पोहोचले. दुसऱ्या अल्बमवर कोणी त्यांना थांबवले असते आणि पहिलेच पुन्हा करा असे बजावले असते, तर आज ज्या संगीतासाठी त्यांचे नाव घेतले जाते ते जन्मालाच आले नसते. दुसरा अल्बम ही वाद्यवृंदाची खरी कसोटी असते असे म्हणतात ते यासाठी: पहिल्यात आयुष्यभर साठलेले ओतलेले असते, दुसऱ्यात मात्र कलावंताला प्रथमच निवड करावी लागते, आणि ती करताना आपल्या नादातले काय अत्यावश्यक होते व काय नुसते परिस्थितीने मिळाले होते हे त्याला कळते.

लंडन-न्यूयॉर्कचे हे दाखले खानदेशाला प्रशस्तिपत्र मिळावे म्हणून दिलेले नाहीत. तशा प्रशस्तिपत्राची अहिराणी गाण्याला गरज नाही. दाखले दिले ते इतक्यासाठी की, पहिल्या खेपेचा नाद हेच कलावंताचे सत्य आणि पुढचे सारे भ्रष्टाचार, हा नियम जिथे तपासला गेला तिथे तो टिकला नाही. मग तो अमळनेरच्या बोरी नदीकाठी तरी कसा टिकावा? अहिराणी अल्बमची पहिली मोठी लाट 2018 च्या सुमारास बबल्या इकस केसावर फुगे या गाण्याबरोबर खानदेशाबाहेर गेली. केसांच्या गुंतवळाच्या बदल्यात फुगे देणारा फेरीवाला हा त्या गाण्याचा विषय, चाल सरळ, विनोद उघडा. त्यानंतर 2023 च्या सुमारास हाय झुमकावाली पोर हे गाणे राज्यभर पसरले तेव्हा नाद बदललेला होता: चाल अधिक गोड, वाद्यमेळ अधिक भरगच्च, विनोदाची जागा शृंगाराने घेतलेली. पहिल्याचे चाहते दुसऱ्याला गुळगुळीत म्हणतात. पण हेच चाहते पहिले गाणे आले तेव्हा त्याला पोरकटपणा म्हणत होते आणि त्याआधीच्या कॅसेटींच्या काळाची आठवण काढत होते, हे त्यांच्या लक्षात राहिलेले दिसत नाही. अस्सलपणाची सीमारेषा दर पाच वर्षांनी पाच वर्षे पुढे सरकत असेल, तर ती सीमारेषा गाण्यात नाही, ऐकणाऱ्याच्या वयात आहे.

याच ठिकाणी बहिणाबाईंचे उदाहरण घ्यावेसे वाटते, कारण खानदेशी वाणीचा आदर करणारा प्रत्येक जण त्यांच्यापाशी येऊन थांबतो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी 1951 मध्ये गेल्या; त्यांच्या रचना आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 1952 मध्ये ग्रंथरूपाने आल्या. त्यांची बोली म्हणजे अमळनेरची अहिराणी नव्हे, ती पूर्व खानदेशातील लेवा गणबोली. परंतु जाते, शेत आणि घर यांतून आलेले गाणे या अर्थाने त्या साऱ्या खानदेशाच्या आहेत. मानिनी या 1961 च्या चित्रपटात त्यांच्या रचना वसंत पवार यांनी स्वरबद्ध केल्या, आशा भोसले यांच्या गळ्यातून त्या महाराष्ट्राच्या घराघरांत गेल्या, आणि आज असंख्य मराठी माणसांच्या कानात बहिणाबाई आहेत त्या चित्रपटाच्या वाद्यवृंदासह आहेत. जात्याच्या घरघरीपासून मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहापर्यंतचे हे अंतर वरातीतील कॅशिओने तोडलेल्या अंतराहून कमी आहे काय? तरीही त्याला कोणी बाटणे म्हणत नाही, आणि म्हणूही नये, कारण त्या चालींनी बहिणाबाईंच्या शब्दांना पंख दिले. प्रश्न इतकाच उरतो की चित्रपटाच्या वाद्यवृंदाला जो न्याय मिळतो तो गाडीवर उभ्या असलेल्या वादकाला का मिळू नये. एकाचे श्रोते दिवाणखान्यात बसतात आणि दुसऱ्याचे रस्त्यात नाचतात, याखेरीज यात दुसरा भेद सापडत नाही.

तिसरा आक्षेप भाषेचा आहे: या गाण्यांत अहिराणी शुद्ध राहिलेली नाही, तिच्यात मराठी-हिंदी शब्दांची भेसळ झाली आहे. शुद्ध अहिराणी ही कल्पनाच तपासून घेण्यासारखी आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या 1907 मध्ये निघालेल्या खंडात खानदेशीची मांडणी भिल्ली भाषांबरोबर केलेली आहे. मराठी अभ्यासक तिला बहुधा मराठीची बोली मानतात. तिच्या षष्ठीचे ना-नी हे प्रत्यय गुजरातीच्या नो-नी या प्रत्ययांशी नाते सांगतात. सुरत-भुसावळ रेल्वेच्या, बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या आणि सातपुड्याच्या घाटांच्या मध्ये वाढलेली ही भाषा मिसळूनच घडली. मिसळणे हा तिच्यावर आलेला रोग नसून तो तिचा स्वभाव आहे. महत्त्वाचे असते ते उसन्या शब्दांची संख्या नव्हे, वाक्याचा कणा कोणाचा आहे हे. आणि त्या बाबतीत ही गाणी कमालीची एकनिष्ठ आहेत. वर उल्लेखिलेल्या गाण्याच्या नावातला इकस हा शब्द पाहावा. प्रमाण मराठीत जिथे विकतो म्हणतात तिथे अहिराणी इकस म्हणते. करस, जास, देखस या वर्तमानकाळी रूपांतला हा स-कार बोलीची ओळखखूणच आहे. कोल्हापूरच्या, नागपूरच्या, कोकणातल्या शाळकरी पोरांच्या तोंडी हे क्रियारूप गेले ते कोणत्या पाठ्यपुस्तकाने नेले?

अमळनेरला 1952 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी कृ. पां. कुलकर्णी होते, म्हणजे मराठी शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश रचणारा भाषापंडित. पुढे 72 वर्षांनी, फेब्रुवारी 2024 मध्ये, 97 वे संमेलन पुन्हा याच गावात आले. या दोन संमेलनांच्या दरम्यान अहिराणीत निष्ठेने लिहिणारे, शब्दसंग्रह करणारे, लोकगीते गोळा करणारे लोक झाले आणि त्यांच्या कामाचे मोल कोणत्याही गाण्याने कमी होत नाही. पण बोली जगते ती संग्रहात नव्हे, तरुणांच्या तोंडी. जनगणनेत 2011 मध्ये खानदेशी ही मातृभाषा सांगणारे सुमारे 18 लाख 60 हजार लोक नोंदले गेले. त्यांच्या मुलांना ती शाळेत शिकवली जात नाही, कचेरीत तिच्यात अर्ज लिहिता येत नाही, आणि पुण्यात शिकायला गेलेला मुलगा वसतिगृहात ती बोलायला लाजतो. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात कापडधंद्यासाठी स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांतील मुले शाळेत गुजराती-हिंदी बोलतात. या मुलांना आपली बोली लाजेची गोष्ट वाटू नये, ती मित्रांना ऐकवावीशी वाटावी, हे काम आजवर कोणी केले असेल तर ते कॅशिओच्या सुरावर नाचवणाऱ्या या गाण्यांनी केले आहे. ज्यांनी ते केले नाही त्यांनी निदान करणाऱ्यांच्या गाण्यांतील हिंदी शब्द मोजत बसू नये.

उथळपणाच्या आक्षेपाबाबत फार लिहिण्याची गरज नाही. हळदीच्या रात्री विहिणीची आणि व्याह्यांची रेवडी उडवणारी गाणी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना लोकगीत म्हणजे निव्वळ सात्त्विक ओव्या असा भ्रम होणे शक्य नाही. थट्टा, शृंगार, चावटपणा ही लग्नाच्या गाण्यांची जुनीच सामग्री आहे. स्त्रीला हिणवणारे गाणे अर्थातच वाईट. पण ते जात्यावर असले तरी वाईट आणि अल्बममध्ये असले तरी वाईट. त्याचा निवाडा शब्दांवरून करावा, वाद्यावरून नव्हे. एकाच ठेक्याचा कंटाळा येतो असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की नाचासाठीचे संगीत बसून ऐकण्यासाठी रचलेले नसते. सातपुड्यातील पावरी या फुंकवाद्यावरचा फेर रात्र रात्र एकाच आवर्तनावर चालतो आणि त्या आवर्तनाला कोणी कल्पनेचे दारिद्र्य म्हणत नाही. आवाजाच्या पातळीचा मुद्दा तर या वादात आणूच नये. ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम आहेत, निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद ठेवण्याचे बंधन आहे. ते कसोशीने पाळले गेले पाहिजेत. दवाखान्यासमोर भोंगा लावणारा दोषी आहे, मग त्याने त्यावर अभंग लावलेला असो की अल्बम.

वादकांच्या पोटाचा मुद्दा मात्र गंभीर आहे. एक पॅडवाला चार ताशे-ढोलवाल्यांचे काम करतो, गाडीवरचा कॅशिओ क्लॅरिनेटवाल्यांची रांग अनावश्यक ठरवतो, हे खरे आहे. परंतु जे लोक ही तक्रार करतात त्यांच्यापैकी किती जण स्वतःच्या घरच्या लग्नात वीस-पंचवीस वादकांचा ताफा सांगून त्यांची पूर्ण बिदागी मोजतात? पाच माणसांचे पैसे द्यायचे आणि पंचवीस माणसांचा नाद मागायचा, हा व्यवहार यजमानाने लादलेला आहे. त्याचे खापर वादकावर फोडणे बरे नव्हे.

खरी तक्रार वेगळीच आहे आणि शुद्धतेच्या गदारोळात ती कोणाला सुचत नाही. पावरी हे वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे कर्णा अशा रचनेचे फुंकवाद्य साक्री-नवापूरपासून डांगपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात वाजते. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात ते केवळ करमणुकीचे नव्हे, पूजेचे वाद्य असते, आणि ते अखंड वाजते ठेवण्यासाठी वादकाला श्वास न तोडता गालांतील हवा वळवत राहण्याची कला कमवावी लागते. आज कॅशिओवाल्यांकडे पावरीचा टोन असतो, म्हणजे त्या वाद्याचा आवाज यंत्रात भरून घेतलेला असतो आणि एक कळ दाबली की तो निघतो. खानदेशी वरातीच्या नव्या नादाचा आत्मा बऱ्याच अंशी हा पावरीचा टोन आहे. म्हणजे ज्या वाद्याला मांडवात कधी जागा नव्हती त्याचा सूर कॅशिओने भर रस्त्यात आणला, हे मोठेच काम झाले. पण मूळ पावरीवाल्याचे नाव त्या गाण्याखाली येत नाही, त्याला त्यातून काही मिळत नाही, आणि ज्या देवासाठी तो सूर राखला होता त्याचा उल्लेखही होत नाही. कोणाला खरोखर लोकसंगीताची कणव असेल तर त्याने ही मागणी लावून धरावी: अल्बमच्या नामावलीत पावरीवाल्याचे नाव आले पाहिजे, ध्वनिमुद्रणाला त्याला बोलावले पाहिजे, त्याचा वाटा ठरला पाहिजे. वहीगायनाचे फड, म्हणजे डफाच्या साथीने रात्रभर कथा गाणारी मंडळे, जपायचे असतील तर त्यांना सन्मानाने आणि पुरेशा बिदागीने बोलवावे, त्यांचे गाणे तरुण वादकांना ऐकवावे, त्यातून त्यांना पुढच्या चाली सुचू द्याव्यात. बँडवाल्याला कॅशिओ खाली ठेवायला लावून यातले काहीही साधणार नाही.

खानदेशी गाण्याचा नाद पूर्वी चार वेळा तरी बदलला, आता पुन्हा बदलतो आहे आणि उद्याही बदलेल. त्यातला हेल, क्रियापदाचा स-कार, नाचणाऱ्या पायांना ठाऊक असलेला ठेका आणि ज्या प्रसंगी ते गायले जाते तो प्रसंग ही चार अंगे जोवर शाबूत आहेत तोवर त्याला अहिराणी गाणे म्हणण्याचा अधिकार कोणालाही काढून घेता येणार नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते, रोटांचा नैवेद्य होतो, रात्र जागवली जाते आणि सोमवारी सकाळी तिला निरोप द्यायला सारी गल्ली नदीकडे निघते. नऊवारीतली म्हातारी, तिची सून आणि शाळकरी नात अशा तिघी डोक्यावरच्या कानबाईला सांभाळत त्याच गाडीपुढे, त्याच कॅशिओच्या, त्याच पॅडच्या आणि भोपळ्याविना वाजणाऱ्या त्याच पावरीच्या सुरावर नाचत जातात, आणि ज्या म्हातारीने आपल्या सासूकडून कानबाईची जुनी गाणी तोंडपाठ घेतली तीच गायकाला थांबवून पुढची ओळ सांगते.